पहिली चकमकीची रायफल: खोबणीत जपून, बाहेर सढळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पिट्सबर्गजवळ राहतो. सुतारकामाची हौस आहे, दोन टेबलं आणि एक पाळणा केला आहे. नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या बंदुकीनं शिकार करायच्या, सीझनला स्वतः बनवलेली रायफल घेऊन रानात जायचं मनात आहे. किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, कोणतं घ्यावं, हत्यारं कोणती लागतील, वेळ किती जाईल आणि नवखे नेमके कुठे चुकतात?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत. पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून मी सतरा रायफली पुऱ्या केल्या आणि दुसऱ्यांनी अर्ध्यावर सोडलेल्या बऱ्याच मार्गी लावल्या. अर्ध्यावर सुटलेल्या जवळजवळ प्रत्येक कामात मला एकच उलटापालट दिसली. जिथे लोखंड लाकडात बसतं त्या खोबणीत माणसानं पटाशी सढळ हातानं चालवलेली असते, आणि बाहेरून दस्त्याला, म्हणजे रायफलीच्या लाकडी अंगाला, आकार द्यायची वेळ आली की हात आखडलेला असतो. मग लॉकभोवती, म्हणजे घोडा आणि ठिणगीच्या यंत्रणेभोवती, नखं शिरतील एवढ्या फटी राहतात आणि दस्ता मुसळासारखा जाड. करायचं बरोबर उलट. खोबणीत एकेक केस मोजून लाकूड काढा, बाहेर मात्र धीर करून काढत राहा. एवढं एक पाळलंत तर पहिलीच रायफल चांगली होईल.

शब्दांविषयी एक सांगून ठेवतो. माझ्या आजोबांकडे कुडाळला शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. तिच्या नळीत दारू ठासायच्या काठीला ते गज म्हणत, आणि आग आत नेणाऱ्या बारीक भोकाला कान. बंदुकीला कान असतो हे मला सहाव्या वर्षी कळलं आणि फार गंमत वाटली होती. चकमकीच्या रायफलीत घोड्याच्या जबड्यात दगड असतो, तो फ्रिझन नावाच्या पोलादी पाटीवर घासत खाली येतो, ठिणग्या पॅन नावाच्या छोट्या वाटीतल्या रंजकेवर, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूवर, पडतात, रंजक भडकते आणि तिची आग कानातून आत जाते. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूवर चालणारी, तोंडाकडून भरायची आणि काडतूस न घेणारी रायफल 'अँटिक' धरली जाते, त्यामुळे किट घरपोच येतं. राज्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. न्यू जर्सीतल्या मंडळींनी पेनसिल्व्हेनियावाल्यांचं ऐकून किट मागवू नये, आधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. आणि हे महाराष्ट्रात बसून कोणी वाचत असेल तर स्पष्ट सांगतो: भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार ठासणीची बंदूकसुद्धा परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि बनवायला तर वेगळा परवाना लागतो. तिथे हे करू नका.

किट म्हणजे लबाडी, असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल ज्यांनी घडवली ते जर्मन बोलणारे कारागीर होते. युरोपातून आलेली त्यांची येगर रायफल आखूड आणि मोठ्या तोंडाची. इथे तिची नळी लांबत 42, 44, 46 इंचांवर गेली आणि भोक लहान झालं, कारण जंगलात महिनोन्‌महिने फिरणाऱ्या माणसाला शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. लँकेस्टरचा जेकब डिकर्ट हा त्यातला नावाजलेला कारागीर. पण या दुकानांत सगळं हातानं घडत होतं असं समजू नका. लॉक बहुतेक इंग्लंड-जर्मनीतून आयात केलेली असत, आणि बर्क्स काउंटीतल्या वायोमिसिंग ओढ्यावर नळ्या पोखरायच्या पाणगिरण्या चालत. कारागीर नळी घेई, लॉक घेई, पितळेचं ओतीव सामान घेई, आणि मेपलच्या फळीतून दस्ता काढून त्यात हे सगळं जीव लावून बसवी. तुम्हीही तेच करणार आहात.

आता कोणतं किट. बाजारात ढोबळ मानानं तीन तऱ्हा आहेत.

ट्रॅडिशन्स कंपनीचं, स्पेनमध्ये बनणारं केंटकी किट सगळ्यात स्वस्त. त्याचा दस्ता दोन तुकड्यांचा, मधल्या सांध्यावर पितळेची पट्टी. थोड्या सुट्ट्यांत पुरं होतं, पण शिकायला फार कमी मिळतं, आणि तो सांधा शेवटपर्यंत डोळ्यांत सलतो. दुसरी तऱ्हा ओहायोतल्या जिम किबलर यांच्या किटसारखी. यात दस्ता संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं इतका नेमका कापलेला असतो की नळी आणि लॉक जवळपास हातानं दाबून बसतात. तुमच्याकडे उरतं ते थोडं जुळवणं, घासणं, रंग आणि नळीला तपकिरी गंज चढवणं. तिसरी तऱ्हा जिम चेंबर्स यांच्याकडची, किंवा मिनेसोटातल्या ट्रॅक ऑफ द वुल्फ या दुकानाकडून सुटे भाग एकत्र मागवायची. यात नळीची खोबण आणि गजाचं भोक यंत्रानं काढलेलं असतं, लॉकची खोबण अर्धवट असते आणि बाकीचं जवळजवळ सगळं तुमच्या पटाशीचं काम.

तुम्ही पाळणा केला आहे, म्हणजे हाताला धार आणि रेषेची सवय आहे. तरीही पहिल्यासाठी मी दुसऱ्या तऱ्हेचंच किट सांगेन. यंत्रानं कापलेली खोबण हातात आली की 'घट्ट' म्हणजे काय हे बोटांना कळतं, आणि पुढच्या रायफलीला तिसऱ्या तऱ्हेकडे जाताना तेच माप डोक्यात राहतं. तुमचा जीव पटाशीतच रमत असेल तर थेट तिसऱ्याकडे जा, पण मग यंदाच्या नाताळचं नाव काढू नका. दुसऱ्या तऱ्हेला माझ्या हिशेबानं 40 ते 60 तास, तिसऱ्याला दीडशेच्या पुढे. संध्याकाळी दीड-दोन तास मिळणाऱ्या नोकरदाराला तिसऱ्या तऱ्हेत वर्ष सहज जातं. पुढे मी तिसरी तऱ्हा धरूनच लिहितो. दुसऱ्या तऱ्हेत यातलं बरंचसं आयतं झालेलं असतं, पण ते का तसं केलंय हे माहीत असलं की हात बिघडवत नाही.

नळीचं भोक .50 चं, म्हणजे अर्ध्या इंचाचं, घ्या. नाताळनंतरच्या सीझनला किमान .44 लागतं, .50 च्या गोळ्या आणि साहित्य कुठेही मिळतं, आणि नळी .45 पेक्षा जड नसते, कारण बाहेरचं माप तेच असेल तर मोठ्या भोकात उलट लोखंड कमी असतं. लाकूड कर्ली मेपल, म्हणजे ज्याच्या रेषांवर वाघाच्या पट्ट्यांसारखी लहर दिसते ते. पण लहरीवर भाळून एक गोष्ट विसरू नका. दस्त्याची मूठ, जिथे तुमचा अंगठा वळसा घेतो, ती रायफलीची सगळ्यात नाजूक जागा. तिथले लाकडाचे तंतू मुठीच्या लांबीत धावायला हवेत. ते आडवे कापले गेले असतील तर कितीही देखणा असला तरी तो दस्ता परत पाठवा. पडली की तिथेच मोडते.

हत्यारं फार लागत नाहीत, धार मात्र लागते. एक पाव इंची आणि एक अर्धा इंची पटाशी, एक बारीक गोल पटाशी, लाकडाची खरबरीत कानस आणि दोन-तीन बारीक कानशी, पोलादी खरवडणी, हातड्रिल आणि शक्यतो एक उभं ड्रिल, आटे पाडायचे टॅप, एक मजबूत शिकंजा ज्याच्या जबड्यांना चामडं लावलेलं असेल. मेनस्प्रिंग, म्हणजे घोड्याला जोर देणारी लॉकमधली स्प्रिंग, दाबून धरायचा छोटा शिकंजा वेगळा विकत घ्या. तिथे पक्कड वापरून मेनस्प्रिंग तोडलेले लोक मी पाहिले आहेत.

काम नेहमी क्रमानं. आधी नळीचं मागचं टोक, मग लॉक, मग कान, मग चाप, मग कुंद्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाची, पाटी, आणि हे सगळं झाल्यावर आकार. हा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक भाग आधी बसवलेल्या भागावरून मोजला जातो.

नळी दस्त्यात बसवणं जरा जवळून सांगतो, कारण इथे शिकलेला हात पुढे सगळीकडे लागतो. दिव्याची काजळी जवसाच्या तेलात कालवा आणि जुन्या टूथब्रशानं नळीच्या मागच्या बाजूला इतकी पातळ लावा की खालचं लोखंड दिसत राहील. नळी सरळ वरून खोबणीत ठेवा, रबरी हातोडीचा एक हलका ठोका द्या आणि तशीच सरळ वर उचला, मागे-पुढे हलवू नका. खोबणीत आता दोन-चार काळे ठिपके दिसतील. लोखंड तेवढ्याच ठिकाणी लाकडाला भिडतंय. पटाशी उभी धरून फक्त ते ठिपके खरवडा, कापू नका. भुगा पिठासारखा निघाला पाहिजे, ढलपी निघाली तर जास्त गेलं. पुन्हा काजळी, पुन्हा ठोका. पंधरा-वीस वेळा करावं लागतं. दहाव्या फेरीला कंटाळा येतो आणि मन म्हणतं की आता एक मोठा घास घेऊ. त्या क्षणी दिवा मालवा आणि उद्या या. शेवटी खोबणीची मागची उभी भिंत सगळीकडे सारखी काळी दिसते, आणि नळी उचलताना किंचित चिकटल्यासारखी होते. बार उडाल्यावरचा मागचा धक्का याच भिंतीनं घ्यायचा असतो. म्हणून नळीमागच्या शेपटीच्या, म्हणजे टँगच्या, अगदी टोकाशी जाड कागदाएवढी फट मुद्दाम ठेवा. टँगचं टोक लाकडाला टेकलं तर तो धक्का पाचरीसारखा काम करतो आणि मूठ उभी चिरते.

नळी दस्त्यात आडव्या खिळ्यांनी अडकते. नळीखालच्या कड्यांतली भोकं गोल ठेवू नका, नळीच्या लांबीत थोडी लांबट करा. इथला जुलै घामट आणि जानेवारी हीटरनं कोरडा, त्यात लाकूड फुगतं-आखडतं आणि लोखंड तेवढं हलत नाही. भोकांत जागा नसेल तर नळी वाकते किंवा दस्ता फाटतो.

आता एक अशी जागा जिथे किट स्वतःच दगा देऊ शकतं. नळीची खोबण आणि तिच्याखालचं गजाचं भोक यांच्यामध्ये जेमतेम 1/8 इंच लाकूड असतं. लॉकचा पुढचा स्क्रू याच लाकडातून आडवा जातो. नंबर 8 चा स्क्रू जाडीला 0.164 इंच, म्हणजे तो त्या लाकडात मावतच नाही. माझ्या दुसऱ्या रायफलीला गजाचं भोक ड्रिल करतानाच वर सरकलेलं आलं होतं. दस्ता विकणाऱ्यानं ते पाहिलं नव्हतं, आणि मीही न मोजता स्क्रूचं भोक पाडलं. स्क्रूनं गजाची वाट अर्धी अडवली. त्या रायफलीचा गज आजही दीड इंच आखूड आहे. तुम्ही आधी मोजा. खोबणीच्या तळातून, नळीखाली झाकली जाईल अशा ठिकाणी, 1/16 इंचाचं एक भोक खाली गजाच्या वाटेपर्यंत पाडा आणि त्यात तार घालून लाकडाची जाडी घ्या. मग स्क्रूची जागा ठरवा, आणि लागलंच तर गजाचं आतलं टोक एका बाजूनं निमुळतं करा. नळीला घळ पाडायचा सल्लाही काही जण देतात. पहिल्या रायफलीत नळीला कानस लावू नये असं माझं ठाम मत आहे.

लॉक बसवण्याआधी त्याचे आतले सगळे भाग काढा आणि प्रत्येक सुटा करताना फोटो घ्या. नुसती पाटी आधी खोबणीत उतरवा, तीच काजळीची रीत. पाटीची वरची जाड कड नळीच्या बाजूला सपाट टेकली पाहिजे. त्या जोडात फट राहिली तर रंजक तिच्यातून लॉकच्या पोटात झिरपते, आणि एक दिवस तिथेच भडकते. पाटी बसल्यावर मग आतले भाग एकेक करून, मेनस्प्रिंग शेवटी. आतल्या भागांना लाकूड कुठेही लागता कामा नये, पण म्हणून आतून मोठं भगदाडही पाडू नका. जुन्या चांगल्या रायफलीचं लॉक काढलं की आत प्रत्येक भागाच्या आकाराची खोबण दिसते. मूठ तिथेच सुरू होते, आणि काढलेलं लाकूड परत येत नाही.

कान पाडण्याआधी दोनदा मोजा, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाला तरी मोजायला लावा. माझी पहिली रायफल याच जागी आजारी पडली. पॅनच्या मधोमध डोळ्यानं अंदाज घेऊन मी ड्रिल लावलं. नळी मागून बंद करणारा ब्रीच प्लग आत कुठपर्यंत येतो ते पाहिलंच नव्हतं. अर्धं भोक दारूच्या जागेत उघडलं, अर्धं प्लगच्या तोंडावर. रेंजवर पहिल्या दिवशी पॅनमध्ये भपका उडायचा आणि नळी गप्प. दर दोन-तीन बारांनी कानात सुई घालून साफ करावं लागे. शेवटी प्लग काढून त्याच्या तोंडाला खाच पाडली, पण त्या खाचेत काजळी साचते ती साचतेच.

मोजायची रीत सोपी आहे. एक सरळ काठी नळीच्या तोंडातून आत प्लगला टेकेपर्यंत सोडा आणि तोंडापाशी खूण करा. तीच काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला, खूण तोंडाशी जुळवून धरा. काठीचं टोक जिथे येतं तिथे प्लग संपतो. तिथे नळीवर पेन्सिलनं रेघ मारा. कान संपूर्णपणे त्या रेघेच्या पुढे आणि पॅनच्या रुंदीच्या मधोमध यायला हवा. उंचीला तो पॅनच्या वरच्या कडेच्या रेषेत, फार तर किंचित वर. खाली पडला तर रंजक त्याला झाकून टाकते आणि आग आत जाण्याऐवजी वातीसारखी जळत जाते, बार उशिरा उडतो. ही रेघ नळी बसवतानाच मारा. लॉकची खोबण किटमध्ये आधीच ठरलेली असते. नळी केसभर मागे नेता येते, लॉक नेता येत नाही. भोक 1/16 इंचानं सुरू करा. मी कानात आतून शंकूसारखा पोखरलेला लाइनर, म्हणजे छोटी धातूची नळकांडी, बसवतो, त्यामुळे आतली दारू पॅनच्या अगदी जवळ येते.

चापाचं गणित एका खिळीवर आहे. चाप ज्या खिळीवर फिरतो ती जितकी वर आणि सिअरच्या, म्हणजे चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या, दांडीच्या जितकी जवळ, तितका चाप हलका. मेटलमध्ये भोक पाडण्याआधी पुठ्ठ्याचा चाप कापून टाचणीवर फिरवून बघा. घोडा चढवल्यावर चापाला कणभर ढिलेपणा राहिलाच पाहिजे. तो सिअरला सतत रेटत असेल तर घोडा पडताना सिअर अर्ध्या खाचेवर आपटते आणि खाच तुटते. आणि चाप जड वाटतो म्हणून टंबलरच्या, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाच्या, खाचांना कानस लावू नका. त्या खाचा म्हणजेच तुमची सुरक्षितता आहे.

कुंद्याच्या पितळी पाटीला विशेष काही नाही, तीच काजळी, तोच धीर. फक्त मेपल कठीण असतं, स्क्रू आत घालताना मेण लावा, नाहीतर डोकं तुटून निम्मा स्क्रू आत राहतो.

आता बाहेर या, आणि हात मोकळा सोडा. शक्य असेल तर कानस उचलण्याआधी एक शनिवार काढून जुन्या रायफली बघून या. नाझरेथजवळ जेकब्सबर्गला पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम आहे, लँकेस्टरला लँडिस व्हॅली आहे. पिट्सबर्गहून लांब पडतं, पण जा. रायफल बाजूनं बघू नका, वरून आणि तोंडाकडून बघा. नळीच्या दोन्ही बाजूंचं लाकूड किती पातळ आहे ते पाहून धक्का बसतो. पुढच्या टोकाशी 1/16 ते 3/32 इंच, आणि नळीच्या बाजूच्या पट्टीच्या साधारण मध्यापर्यंतच वर आलेलं. फोटोवरून हे कधीच कळत नाही. म्हणूनच फोटो बघून केलेल्या रायफली जाड होतात.

घरी आल्यावर दस्त्याच्या वर, खाली आणि कुंद्यावर मधली रेघ मारा आणि काम संपेपर्यंत ती पुसू देऊ नका, पुसली की पुन्हा मारा. लगेच गोलाई करायला जाऊ नका. आधी बाजूंच्या सपाट बाह्याकृती नेमक्या करा, मग चौकोनाचे आठ कोन, आठाचे सोळा, आणि मग गोल. प्रत्येक टप्प्यावर कडा सरळ धावतात का ते डोळा लावून बघता येतं, गोल झाल्यावर बघता येत नाही. लॉकभोवती जी सपाट चौकट राहते ती दोन्ही बाजूंना सारखी आणि अरुंद ठेवा. नवख्याच्या रायफलीत ती चौकट रुंद असते, कारण खोबणीच्या जवळ कानस न्यायची भीती वाटते. खोबण घट्ट असेल तर भीती कसली?

कोरीवकाम करू का, असा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो: पहिल्या रायफलीवर नको. उरलेल्या मेपलच्या तुकड्यावर हवं तेवढं कोरा. साधी, नीट आकाराची रायफल कोरलेल्या जाड रायफलीपेक्षा कितीतरी देखणी दिसते.

घासून झालं की लाकूड ओल्या फडक्यानं पुसा. तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते हलक्या हातानं काढा, असं दोनदा करा. मग ॲक्वा फोर्टिस, म्हणजे आज बहुतेक लोक वापरतात ते फेरिक नायट्रेटचं पाणी. ते लावल्यावर लाकूड घाणेरडं हिरवट दिसतं आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. हीट गन फिरवायला लागा. हिरव्याचा पिवळट, पिवळटाचा तांबूस, आणि मग लहरींतून एकदम गडद तपकिरी पट्टे उमटत जातात. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या मेपलचा तो रंग डोळ्यांदेखत येतो. मी सतरा वेळा पाहिलंय, तरी दर वेळी बायकोला हाक मारतो. हे काम बाहेर अंगणात, हातमोजे आणि चष्मा घालून करा, वाफा नाकात जाऊ देऊ नका. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून आम्ल मारा. त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसे दिवस सोडून. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

नळीला मी गंज चढवतो. ती तेलविरहित करून द्रावण लावायचं आणि दमट जागी टांगायचं. हिवाळ्यात मी गरम पाण्याची बादली ठेवून बाथरूममध्ये टांगतो. काही तासांनी लालसर गंज धरतो, तो जाड कापडानं घासायचा, पुन्हा द्रावण. तीन-चार दिवसांत मऊ तपकिरी रंग येतो. मग बेकिंग सोडा आणि तेल.

पहिला बार हातात धरून उडवू नका. रायफल जुन्या टायरला बांधा, चापाला लांब दोरी लावा आणि आडोशामागून ओढा. काळीच दारू, नळी बनवणाऱ्यानं सांगितलेल्या मापात. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नाही, त्यानं नळी फुटते. .50 ला मी .490 ची गोळी आणि तिच्याभोवती सुती कापडाचा 0.015 ते 0.018 इंच जाड पॅच वापरतो. गोळी दारूवर टेकलेली असलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी रिकाम्या नळीत गज सोडून तोंडापाशी त्यावर एक रेघ कोरा, आणि नेहमीची दारू-गोळी भरून दुसरी. रानात अंधारात बोटानं चाचपूनसुद्धा कळतं की आत काय आहे.

ठिणग्या लाल आणि मोजक्या पडत असतील तर आधी दगड बघा. इंग्लंडच्या ब्रँडनचा काळा दगड मला सगळ्यात आवडतो. चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्यात घट्ट करा, आणि त्याची धार फ्रिझनच्या संपूर्ण रुंदीला एकदम टेकते का ते पाहा. एकाच कोपऱ्यात टेकत असेल तर थोडा फिरवा. धार बरोबर असूनही ठिणग्या मलूल असतील तर फ्रिझनला पाणी कमी पडलंय, म्हणजे पोलाद पुरेसं कडक झालेलं नाही. ते काम लॉक बनवणाऱ्याकडे परत पाठवा, घरी तापवत बसू नका.

नाताळनंतर रानात जाल तेव्हा बहुतेक बर्फ असेल, नाहीतर रिपरिप. लॉकवर मेण चोळलेल्या चामड्याचा तुकडा बांधून ठेवा, रंजक तासातासाला पुसून नवी घाला, आणि कानात कबुतराच्या पिसाची काडी अडकवून ठेवा. हरीण दिसलं की आधी काडी काढा, मग रंजक ताजी करा, मग घोडा चढवा.